हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर पोट कसे दिसेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई ३६ वर्षांच्या आहेत, दोन बाळंतपणे झाली आहेत आणि धाकटे मूल आता ३ वर्षांचे आहे. बेंबीच्या वरच्या कडेला मऊ फुगवटा येतो, सोनोग्राफीत तेथील छिद्र सुमारे २ सेंटीमीटरचे दिसले, आणि पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून ४ सेंटीमीटर दूर गेले आहेत असेही अहवालात लिहिले आहे. एका सर्जनने बेंबीजवळ छेद घेऊन जाळी बसवण्याचा सल्ला दिला, दुसऱ्याने दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली. यांपैकी कशाने वण कमीत कमी दिसेल, असे त्यांनी विचारले आहे. त्यांच्या पतीला जांघेत हर्निया आहे आणि त्यांच्यासाठीही हाच प्रश्न आहे.

वण किती लांबीचा राहील हे विचारणे स्वाभाविक आहे, परंतु माझ्या अनुभवात शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी नाराज होऊन परत येणारे रुग्ण वणाच्या लांबीबद्दल फारसे बोलत नाहीत. त्यांची तक्रार असते ती बेंबी सपाट झाल्याची किंवा एका बाजूला ओढली गेल्याची, उठून बसताना पोटाच्या मध्यभागी उंचवटा तसाच येत असल्याची, अथवा वणाच्या खालची त्वचा आतल्या पडद्याला, म्हणजे स्नायूंवरच्या मजबूत तंतुमय थराला, चिकटून तेथे खळगा पडल्याची. आणि सौंदर्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट परिणाम म्हणजे हर्निया पुन्हा होणे, कारण दुसऱ्या वेळी छेद बहुधा मोठा घ्यावा लागतो, जुनी जाळी आणि तिच्याभोवतीच्या घट्ट ऊती सोडवाव्या लागतात, आणि पहिल्यांदा वाचवलेले दोन सेंटीमीटर व्याजासकट परत द्यावे लागतात. म्हणून वण कुठे आहे, त्याखाली काय केले आहे आणि दुरुस्ती टिकेल का, या तीन गोष्टींचा विचार मी लांबीच्या आधी करतो.

वणाच्या जागेचे महत्त्व नवे नाही. कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये त्वचेतील नैसर्गिक ताणाच्या रेषांचे वर्णन केले. पोटावर या रेषा साधारणपणे आडव्या जातात. त्यांना समांतर घेतलेला छेद कमी ताणला जातो आणि बारीक रेषेसारखा भरतो, तर पोटाच्या मध्यावरचा उभा छेद त्या रेषांना छेदून जातो आणि कालांतराने रुंद होतो. त्याहीपुढे जाऊन, छेद जर त्वचेच्या एखाद्या घडीत बसवता आला तर तो गेला तरी कुठे असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा. बेंबीची कड, जांघेतील आडवी घडी आणि जघनाच्या केसांची वरची सीमा या पोटावरच्या अशा तीन जागा आहेत. मी छेदाची रेषा रुग्णाला उभे करून, अंतर्वस्त्राची कड कुठे येते ते पाहून, भूल देण्यापूर्वी आखतो. रुग्ण आडवा झाल्यावर पोटाची त्वचा वर सरकते आणि टेबलावर नेमकी दिसलेली घडी उभे राहिल्यावर भलतीकडेच निघते.

आता बेंबीच्या हर्नियाकडे येतो, कारण येथे सर्जनच्या हातातील कौशल्य सर्वांत स्पष्ट दिसते. नेहमीच्या खुल्या पद्धतीत बेंबीच्या वरच्या किंवा खालच्या कडेला अर्धचंद्राकार छेद घेतला जातो. तो बेंबीच्या परिघाच्या निम्म्याहून अधिक नसावा, कारण बेंबीची त्वचा खालच्या देठापासून, म्हणजे तिला आतल्या पडद्याशी जोडणाऱ्या भागापासून, सोडवल्यानंतर तिला मिळणारे रक्त उरलेल्या बाजूच्या त्वचेतूनच येते. छेद गोल फिरवत नेला तर बेंबीची कड काळी पडण्याचा धोका वाढतो. काही सर्जन बेंबीच्या आतूनच उभा छेद घेतात. बेंबी खोल असेल तर तो वण अक्षरशः शोधावा लागतो. हर्नियाची पिशवी अनेकदा बेंबीच्या त्वचेच्या आतल्या बाजूला इतकी चिकटलेली असते की घाईने सोडवताना त्वचेला भोक पडते. जुन्या आणि मोठ्या हर्नियात तर त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते. अशा वेळी पिशवीचा एक छोटा तुकडा त्वचेला चिकटलेलाच ठेवणे हा पराभव नव्हे.

दुरुस्ती झाल्यावरची पायरी अनेक जण उरकून टाकतात, आणि बेंबीचे रूप नेमके तेथेच ठरते. सोडवलेला देठ विरघळणाऱ्या टाक्याने पुन्हा मधल्या पडद्याला, बरोबर मध्यरेषेवर, जोडावा लागतो. तो जोडला नाही तर बेंबी बाहेर येते किंवा सपाट चकतीसारखी दिसते. एक सेंटीमीटर बाजूला जोडला तर ती कायमची तिरपी राहते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून असे एकदा झाले होते. दुरुस्ती उत्तम टिकली, पण त्या बाईंनी पुढच्या प्रत्येक भेटीत बेंबीकडे बोट दाखवले आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. तेव्हापासून मी शस्त्रक्रियेपूर्वी छातीच्या हाडाच्या टोकापासून जघनास्थीपर्यंतची मध्यरेषा पेनाने आखून ठेवतो. फुगवट्यामुळे त्वचा फार सैल झाली असेल तर तिचा छोटा भाग आतल्या बाजूने काढून बेंबीला नव्याने आकार देता येतो, परंतु हे आधी ठरवून आणि रुग्णाला सांगून करावयाचे काम आहे.

जाळी लागेल का, हा पुढचा प्रश्न. जाळी म्हणजे अधिक मोठा छेद, असा समज आहे आणि त्यामुळे काही जण केवळ टाक्यांनी छिद्र बंद करून मागतात. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १ ते ४ सेंटीमीटर छिद्र असलेल्या ३०० रुग्णांची जाळी आणि टाके अशी तुलना केली होती. त्यात हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण जाळीच्या गटात ४ टक्के तर टाक्यांच्या गटात १२ टक्के होते. म्हणून २ सेंटीमीटरच्या छिद्राला मी जाळीच सुचवीन. ती स्नायूंच्या पडद्याच्या मागे आणि पोटाच्या आतल्या अस्तराच्या पुढे, म्हणजे दोन थरांच्या मधल्या जागेत ठेवावी आणि छिद्राच्या चहूबाजूंनी सुमारे ३ सेंटीमीटर पुढे जावी. म्हणजे सुमारे ८ सेंटीमीटरची जाळी झाली. तिला ८ सेंटीमीटरचा छेद लागत नाही; पोटाची त्वचा सैल असते आणि ३ ते ४ सेंटीमीटरच्या छेदातून ती गुंडाळून आत नेऊन उलगडता येते. अशी खोलवर बसलेली जाळी बाहेरून हाताला लागत नाही, हाही तिचा फायदा. त्वचेखाली, पडद्याच्या वर बसवलेली जाळी सडपातळ व्यक्तीत कडेने जाणवू शकते आणि तिच्यासाठी त्वचा दूरवर सोडवावी लागत असल्याने तेथे पाणी साचण्याची शक्यता अधिक असते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छेद लहान असतात हे खरे. परंतु २ सेंटीमीटरच्या बेंबीच्या हर्नियासाठी नेहमीच्या दुर्बिणीच्या पद्धतीत पोटाच्या एका बाजूला बहुधा तीन छेद येतात, त्यांपैकी एक १० ते १२ मिलिमीटरचा आणि उरलेले ५ मिलिमीटरचे. हे तिन्ही वण उघड्या त्वचेवर असतात, कोणत्याही घडीत नसतात. बेंबीच्या घडीत दडलेला एक ३ सेंटीमीटरचा वण आणि बाजूला विखुरलेले तीन छोटे वण यांत मला पहिला अधिक देखणा वाटतो. शिवाय या पद्धतीत जाळी पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या समोर राहते. त्यासाठी खास थर दिलेली जाळी वापरतात, तरीही पुढे कधी पोट उघडावे लागले तर आतडी तिला चिकटलेली सापडू शकतात. आणि छिद्र टाक्यांनी बंद न करता नुसती आतून जाळी लावली, तर रिकाम्या पिशवीत पाणी साचून किंवा जाळीच बाहेर फुगून जुना फुगवटा तसाच दिसत राहतो. रुग्णाला वाटते की काहीच झालेले नाही. म्हणून दुर्बिणीने करायचे असेल तर छिद्र आधी शिवून घेणार का, हे विचारावे. लठ्ठ व्यक्तींमध्ये मात्र तोल दुर्बिणीकडे झुकतो, कारण जाड चरबीतून घेतलेल्या खुल्या छेदाला जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो आणि चिघळलेल्या छेदाचा वण कधीच देखणा नसतो.

एवढे सगळे मी केवळ बेंबीबद्दल लिहिले, परंतु या बाईंच्या अहवालातील अधिक महत्त्वाचा आकडा २ नव्हे, ४ आहे. दोन उभे स्नायू मधोमध एका पांढऱ्या तंतुमय पट्ट्याने जोडलेले असतात. गरोदरपणात हा पट्टा ताणून रुंद होतो आणि पुष्कळ स्त्रियांत बाळंतपणानंतर काही महिन्यांत बराचसा पूर्ववत होतो. त्याची रुंदी २ सेंटीमीटरहून अधिक राहिली तर स्नायूंची फट आहे असे सर्वसाधारणपणे मानतात. ही फट म्हणजे हर्निया नव्हे. पट्टा पातळ झालेला असतो, त्याला भोक नसते, त्यामुळे आतडे अडकण्याचा धोका तिच्यात नाही. पण अशा ताणलेल्या, अशक्त पट्ट्यातील भोक तेवढे बुजवले, तर टाके पातळ ऊतींतच बसतात आणि हर्निया पुन्हा होण्याची शक्यता वाढते. शिवाय उठून बसताना मध्यभागी येणारा उभा कणा, जो बहुतेक स्त्रियांना बेंबीच्या फुगवट्याहून अधिक खुपतो, तसाच राहतो. दोन्ही सर्जनांनी या फटीचे काय करणार ते सांगितलेले दिसत नाही. माझ्या मते वणाच्या आधी हे विचारायला हवे.

फटीसह दुरुस्ती करण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला प्लास्टिक सर्जरीतील पोटाची घडण सुधारण्याच्या शस्त्रक्रियेचा. यात जघनाच्या वर, एका कंबरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जाणारा लांब छेद घेतात, त्वचा वर उचलतात, मधला पट्टा उभा शिवून अरुंद करतात, हर्निया दुरुस्त करतात आणि जास्तीची त्वचा कापून काढतात. वण लांबच लांब असतो, पण अंतर्वस्त्राखाली झाकला जातो. येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. या शस्त्रक्रियेत बेंबीच्या भोवतीची त्वचा गोल कापली जाते आणि बेंबीला रक्त मिळते ते फक्त खालच्या देठातून; त्याच वेळी हर्नियासाठी देठ सोडवला तर बेंबी गमावण्याचा धोका खरा असतो. म्हणून अशा रुग्णांत हर्निया एका बाजूने, देठ न तोडता दुरुस्त करावा लागतो.

दुसरा मार्ग त्वचेखालून दुर्बिणीने जाण्याचा. जघनाच्या वरच्या केसांच्या सीमेवर तीन छोटे छेद घेऊन त्वचा व चरबी पडद्यापासून वेगळी करत बरगड्यांच्या दिशेने वर जातात, हर्निया व फट शिवून घेतात आणि बहुधा त्यावर जाळी पसरतात. बेंबीचा देठ वाटेत सोडवावा लागतो व शेवटी पुन्हा जोडावा लागतो. वणांच्या दृष्टीने हा मार्ग अतिशय आकर्षक आहे. त्याची किंमत म्हणजे त्वचेखाली पाणी साचणे, जे येथे बऱ्यापैकी वारंवार होते; त्यासाठी काही दिवस नळी ठेवावी लागते. त्वचा सैल असेल तर ती या मार्गाने कमी होत नाही आणि शिवलेल्या पोटावर सुरकुतलेली दिसू शकते.

तिसरा मार्ग उभ्या स्नायूंच्या मागच्या थरात जाण्याचा. ही जागा जाळीसाठी उत्तम आहे हे रिव्ह आणि स्टोपा या फ्रेंच सर्जनांनी मोठे छेद घेऊन दाखवून दिले. आज तीच जागा दुर्बिणीने, पोटाच्या पोकळीत न शिरता, तयार करता येते. टेप म्हणजे पोटाच्या पोकळीत न शिरता, अस्तराच्या बाहेरूनच दुर्बिणीने करायची दुरुस्ती; जांघेच्या हर्नियासाठी २०१२ मध्ये वर्णन झालेली तिची विस्तारित पद्धत पुढे पोटाच्या मध्यभागासाठी वापरली जाऊ लागली. तीच जागा बेंबीजवळच्या एका छोट्या छेदातूनही गाठता येते. जाळी मोठी बसते, आतड्यांपासून दूर राहते, बाहेर जाणवत नाही आणि वण थोडेच राहतात. परंतु हे काम शिकायला कठीण आहे. चुकीचा थर कापला गेला तर पोटाच्या बाजूला नवाच हर्निया तयार झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून ही शस्त्रक्रिया नियमितपणे करणाऱ्या हातांतूनच करून घ्यावी. छेद लहान म्हणजे शस्त्रक्रिया लहान, असे येथे मुळीच नाही.

या बाईंची त्वचा फारशी सैल नसेल आणि पुढे गरोदरपणाचा विचार नसेल, तर अनुभवी सर्जन उपलब्ध असल्यास मी तिसरा मार्ग सुचवीन. त्वचा खाली लोंबत असेल तर प्लास्टिक सर्जनसोबत पहिला. फटीचा त्यांना काहीच त्रास नसेल आणि त्यांना केवळ हर्निया दुरुस्त करून हवा असेल, तर बेंबीच्या घडीतील छेद आणि जाळी हे साधे उत्तर आहे; मात्र मधला उभा उंचवटा तसाच राहील हे मान्य करून. पुन्हा मूल हवे असेल आणि त्रास सौम्य असेल तर फटीची दुरुस्ती पुढे ढकलावी, कारण पुढच्या गरोदरपणात ती उसवू शकते. पोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने फट काही प्रमाणात कमी होते आणि पोटाचा आधार सुधारतो, म्हणून तो काही महिने नेटाने करून पाहणे योग्य. बेंबीतील छिद्र मात्र व्यायामाने बंद होत नाही.

पतीच्या जांघेतील हर्नियाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तेथे सौंदर्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. खुल्या पद्धतीत, म्हणजे लिख्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेल्या ताणविरहित जाळीच्या दुरुस्तीत, छेद साधारण ५ ते ७ सेंटीमीटरचा असतो. तो तिरपा न घेता त्वचेच्या आडव्या घडीत घेतला तर अंतर्वस्त्राखाली झाकतो आणि वर्षभरात शोधावा लागतो. दुर्बिणीच्या पद्धतींत बेंबीजवळ एक १० मिलिमीटरचा आणि इतर दोन ५ मिलिमीटरचे छेद येतात. टेप पद्धतीत ते बहुधा मध्यरेषेवर बेंबीखाली असतात, टॅप पद्धतीत, म्हणजे पोटाच्या पोकळीतून जाऊन केलेल्या दुरुस्तीत, बेंबीच्या दोन्ही बाजूंना. दिसण्यात फारसे उणेअधिक नाही. निवड करावी ती दोन्ही बाजूंना हर्निया आहे का, पूर्वी खुली शस्त्रक्रिया होऊन तो परत आला आहे का, पूर्ण भूल झेपेल का, यांवरून. दोन्ही बाजूंना असेल तर दुर्बीण सरस, कारण त्याच तीन छेदांतून दोन्हीकडे जाळ्या बसतात. बेंबीतील एकाच छेदातून सर्व उपकरणे आत नेण्याची पद्धतही आहे आणि तिच्या छायाचित्रांची भुरळ पडते, पण तिच्यासाठी बेंबीखालचा पडदा अधिक उघडावा लागतो आणि तेथेच नवा हर्निया होण्याची शक्यता राहते. हर्निया दुरुस्त करताना दुसऱ्या हर्नियाची बीजे पेरणे मला पटले नाही आणि मी ती सोडून दिली.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी वणावर जेवढा परिणाम करते तेवढा कोणताही महागडा टाका करत नाही. धूम्रपान किमान चार आठवडे आधी थांबवावे, मधुमेह आटोक्यात आणावा, वजन कमी करता आले तर करावे. बेंबीत मळ किंवा बुरशीची लागण असेल तर ती आधी पूर्ण बरी करावी. पूर्वीच्या एखाद्या जखमेवर किंवा कान टोचल्यावर जाड, उंच, खाजणारी गाठ आली असेल तर ते सर्जनला अवश्य सांगावे, कारण किलॉइडची प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीला कोणीही अदृश्य वणाचे आश्वासन देऊ नये. त्वचा बंद करताना ताण खालच्या चरबीच्या पडद्याने सोसावा आणि त्वचेच्या आतून घेतलेल्या बारीक विरघळणाऱ्या टाक्याने कडा केवळ एकमेकींना टेकाव्यात. वरून घातलेल्या टाक्यांच्या शिडीसारख्या खुणा टाळता येतात.

नंतरच्या काळात धीर लागतो. पहिल्या काही आठवड्यांत वणाखाली कडक कणा जाणवतो, तो भरून येण्याचाच भाग असतो आणि हळूहळू मऊ होतो. जुन्या फुगवट्याच्या जागी मऊ, न दुखणारी सूज आली तर ते बहुधा साचलेले पाणी असते आणि पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप शोषले जाते. सुईने वारंवार काढल्यास जंतू आत जाण्याचा धोका असतो. बेंबीचा खोलगट आकार टिकावा म्हणून मी पहिले काही दिवस तीत कापसाचा छोटा गोळा ठेवतो. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल दोन-तीन महिने लावावे आणि वणाला ऊन लागू देऊ नये. वण सुरुवातीचे काही महिने लालसर व उठावदार दिसतो आणि तो परिपक्व व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते, म्हणून तिसऱ्या महिन्यात आरशासमोर अंतिम निर्णय देऊ नये.

शस्त्रक्रियेची वाट पाहत असताना फुगवटा अचानक कडक झाला, आत जाईना, दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर वणाचा विचार बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालयात जावे. तातडीच्या शस्त्रक्रियेत छेद कुठे घ्यायचा हे अडकलेले आतडे ठरवते.

दोन्ही सर्जनांना पुन्हा भेटाल तेव्हा चार प्रश्न विचारा: जाळी कोणत्या थरात बसवणार, स्नायूंच्या फटीचे काय करणार, बेंबीचा देठ पुन्हा कसा जोडणार, आणि तुमच्याच रुग्णांची वर्षभरानंतरची, उभे राहून काढलेली छायाचित्रे दाखवता येतील का. स्वतःचीही समोरून आणि बाजूने, उभ्या स्थितीत, अशी छायाचित्रे शस्त्रक्रियेपूर्वी काढून ठेवा.